एकट्या आईच्या जिवावर

"आई खंबीर असली की स्वमग्न मूलसुद्धा मॅरेथॉन धावतं." २००५ साली आलेला 'मॅरेथॉन' हा कोरियन सिनेमा पाहून उठलेला माणूस डोळे पुसत बहुधा हेच बोलतो. बोलणं मायेचं असतं, म्हणून त्याला कोणी हटकत नाही. पण ते हटकायला हवं. त्याच्या पोटात एक पक्कं मत दडलेलं आहे आणि ते आपल्याकडच्या बायकांच्या मुळावर आलेलं आहे. उघड मांडलं तर ते मत असं: स्वमग्नता ही त्या घराची खासगी अडचण, ती निस्तरणं हे आईचं काम, आणि आईने पुरेसा त्याग केला तर ती निस्तरतेच. जिने नोकरी सोडली, झोप सोडली, लग्नकार्यांना जाणं सोडलं, तिचं पोर एक ना एक दिवस शर्यत पुरी करतं आणि आपण टाळ्या वाजवतो. या मताचा उरलेला अर्धा भाग तोंडावर कोणी बोलत नाही, तरी प्रत्येक आईला तो ऐकू येतोच: तुझं पोर अजून कोपऱ्यात डुलत बसलं आहे, म्हणजे तूच कुठेतरी कमी पडलीस. तेलंगणाच्या सीमेवरच्या वांकिडीत एखाद्या वाडीवस्तीवर कापूस वेचून संध्याकाळी घरी येणाऱ्या आणि बोलत नसलेल्या पोराला भरवत बसणाऱ्या बाईला हा निकाल ऐकवायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

सगळ्यात आधी सिनेमाबद्दल बोलू, कारण त्याच्या नावावर जे खपवलं जातं ते त्यात नाहीच. जोंग युन-चोल यांनी दिग्दर्शित केलेला हा सिनेमा बे ह्योंग-जिन या खऱ्या धावपटूच्या आयुष्यावर बेतलेला आहे. ह्योंग-जिनने २००१ साली चुनचॉनची मॅरेथॉन तीन तासांच्या आत पुरी केली होती. कोरियात सिनेमाची ५० लाखांहून जास्त तिकिटं खपली. पडद्यावरचा मुलगा चोवोन वीस वर्षांचा आहे. त्याला झेब्रा आवडतो, चॉकोपाय आवडतो, पाऊस आवडतो, आणि चो सुंग-वू या नटाने तो इतका नेमका उभा केला आहे की त्याची कीव करायची आपली हिंमत होत नाही. किम मी-सूक यांनी केलेली आई करारी आहे, हे खरं. पण सिनेमा तिची पूजा बांधत नाही, तो तिची झाडाझडती घेतो. मुलगा लहान असताना याच आईने प्राणिसंग्रहालयाच्या गर्दीत त्याचा हात सोडून दिला होता. चुकून नव्हे, सहन होईनासं झालं म्हणून. आणि ज्याला काही कळत नाही असं सगळे धरून चालले होते, त्या मुलाच्या ते लक्षात राहिलेलं असतं. धाकटा मुलगा तिच्या डोळ्यांदेखत परका होत जातो, कारण तिच्याकडे त्याच्यासाठी वेळच उरत नाही. नवरा घरापासून लांब गेलेला आहे. पुढे मुलाचा प्रशिक्षकच तिला तोंडावर विचारतो की हा मुलगा तुमच्याशिवाय जगू शकत नाही की तुम्ही त्याच्याशिवाय? त्याला खरंच धावायचं आहे, की तुम्ही धावायला लावता म्हणून तो धावतो? तिच्याकडे उत्तर नसतं. तिची तब्येत कोसळते, ती हॉस्पिटलात पडते, आणि मुलाचं धावणं ती स्वतःच बंद करून टाकते. शेवटच्या शर्यतीला मुलगा तिला न सांगता, एकटा बसमध्ये बसून जातो. ती धावत पळत तिथे पोचते ती त्याला अडवायला. तो धावतो ते तिच्या हातातून हात सोडवून घेतल्यावर.

आईच्या हट्टाचा विजय म्हणून हा सिनेमा दाखवायचा असेल तर या सगळ्या प्रसंगांवर डोळे मिटून घ्यावे लागतील. पुष्कळ लोक तसे मिटतात. भुयारी रेल्वेच्या फलाटावरचा प्रसंग आठवा. झेब्र्यासारख्या पट्ट्यांचा घागरा घातलेल्या एका तरुणीला चोवोन हात लावतो, कारण त्याला पट्टे दिसले आहेत. तिच्यासोबतचा पुरुष त्याला बडवून काढतो. आई धावत येते. आणि तो मार खाल्लेला मुलगा मोठ्याने तेच ओरडत सुटतो, जे आईच्या तोंडून त्याने जन्मभर ऐकलेलं आहे: आमच्या मुलाला अपंगत्व आहे. वीस वर्षं चारचौघांत माफी मागत फिरलेल्या बाईचं अख्खं आयुष्य त्या क्षणी तिच्या मुलाच्या तोंडून बाहेर पडतं. इथे आपण काय पाहायचं? आई किती सोसते ते? की त्या फलाटावर उभ्या असलेल्या, एका शब्दानेही मध्ये न पडणाऱ्या माणसांच्या गर्दीकडे? दिग्दर्शकाने कॅमेरा ज्या गर्दीवर रोखला आहे, तिच्यातच आपण बसलेलो आहोत. आईचं कौतुक करून त्या गर्दीतून बाहेर पडता येत नाही.

आता या मताचा वंश पाहू, कारण ते दिसतं तितकं भोळं नाही. १९४३ साली बाल्टिमोरमध्ये लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची निरीक्षणं मांडून स्वमग्नतेचं सविस्तर वर्णन केलं, आणि त्या मुलांच्या आईबापांच्या थंडपणाबद्दलही लिहून ठेवलं. पुढे शिकागोत ब्रुनो बेटेलहाइम यांनी तो धागा पकडून सगळा ठपका आईवर ठेवला आणि १९६७ साली त्यावर एक गाजलेलं पुस्तक काढलं. मुलाला मनातून नाकारणाऱ्या आईमुळे मूल आपल्या कोशात जातं, असा त्यांचा दावा. हजारो आयांनी तो खरा मानून स्वतःला आरोपी केलं. बर्नार्ड रिमलँड हे स्वतः स्वमग्न मुलाचे वडील. त्यांनी १९६४ सालीच दाखवून दिलं होतं की हा मेंदूच्या घडणीचा प्रश्न आहे, प्रेमाच्या कमतरतेचा नाही. आज त्याबद्दल शास्त्रात वाद उरलेला नाही. बेटेलहाइम यांचा सिद्धान्त मोडीत निघाला, पण त्याचा सांगाडा जसाच्या तसा उभा आहे. पूर्वी म्हणायचे आईमुळे मूल बिघडलं, आता म्हणतात आईमुळे मूल सावरलं. दोन्हीत मुलाच्या भवितव्याची किल्ली एकट्या आईच्या कनवटीला बांधलेली. आपल्या भागात तर दोन्ही एकाच वेळी चालतात. पोर तीन वर्षांचं होऊन बोलत नाही म्हटलं की सुनेला विचारलं जातं, गरोदरपणात ग्रहण पाळलं होतंस का, पोराच्या हातात मोबाइल कोणी दिला, बाहेरचं काही लागलं तेव्हा लक्ष कुठे होतं तुझं. आणि मोबाइलवर कुठल्याशा पदकवाल्या पोराचा व्हिडिओ आला की तिलाच दाखवतात: बघ, त्या आईने करून दाखवलं. जी बाई आधी दोषी होती तीच आता नापास ठरते. कौतुकाची भाषा बोलणाऱ्यांनी एवढं तरी पाहावं की आपलं कौतुक कोणत्या खटल्यात साक्षीला उभं राहतं आहे.

कोरिया लांबचं वाटत असेल तर आपल्याच तेलंगणातलं उदाहरण घेऊ. वरंगल जिल्ह्यातल्या कल्लेडा गावची दीप्ती जीवनजी. ती स्वमग्न म्हणून ओळखली जात नाही, तिचं अपंगत्व बौद्धिक स्वरूपाचं आहे. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांची गल्लत करू नये, पण गावाची नजर दोघांसाठी सारखीच असते. आईवडील मजुरी करणारे. गावाने तिला नावं ठेवली, तिला कुठेतरी नेऊन सोडा असाही सल्ला दिला, आणि आईवडिलांनी तो ऐकला नाही. २०२४ च्या मे महिन्यात जपानमधल्या कोबे इथे दीप्तीने ४०० मीटरची जागतिक स्पर्धा ५५.०७ सेकंदांत जिंकली. तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये तिने कांस्यपदक मिळवलं. या गटातलं भारताचं ते पहिलंच पदक. पदक आल्यावर सगळीकडे आईचे अश्रू दाखवले गेले. ते दाखवायलाच हवेत. पण त्या ५५ सेकंदांच्या मागे आणखी कोण कोण उभं होतं? कल्लेड्याच्या शाळेत तिचे पाय ओळखणारे पीटी सर होते. राज्यपातळीवरच्या शालेय स्पर्धेत तिला हेरून हैदराबादला आणणारे प्रशिक्षक नागपुरी रमेश होते. तिची रीतसर तपासणी करून घ्या, ती पॅरा खेळाडूंच्या गटात बसेल, असं सुचवणारे पुल्लेला गोपीचंद होते. सिकंदराबादची बौद्धिक अपंगत्वाची राष्ट्रीय संस्था होती, धावपट्टी होती, वसतिगृह होतं, खर्च उचलणारे होते. यातले फक्त पीटी सर वजा करून पाहा. आई तीच, माया तीच, पोरीच्या पायातला वेगही तोच, आणि दीप्ती आज शेतात निंदणी करताना दिसली असती. तिच्यासारख्या किती पोरी आज तशा दिसतात, ते कोणी मोजलेलं नाही.

आणि ज्या दारातून दीप्ती पॅरिसला पोचली, ते दार कोणत्याही आईच्या हातात नव्हतं. २००० सालच्या सिडनी पॅरालिम्पिकमध्ये बौद्धिक अपंगांच्या बास्केटबॉलमध्ये सुवर्ण जिंकलेल्या स्पेनच्या बारापैकी दहा खेळाडूंना काहीच अपंगत्व नव्हतं, हे उघड झालं. शिक्षा झाली ती जगभरच्या खऱ्या खेळाडूंना. अख्खा गटच बंद केला गेला आणि तो थेट २०१२ साली लंडनला उघडला. मधल्या वर्षांत ज्यांचं ऐन धावायचं वय सरून गेलं, त्यांच्या आयांनी काय कमी त्याग केला होता? आजही या गटाला पॅरालिम्पिकमध्ये ४०० आणि १५०० मीटरच्याच शर्यती आहेत. चोवोनसारखा मॅरेथॉन धावणारा मुलगा तिथे उभाच राहू शकत नाही. नियम समित्या करतात, सुविधा सरकारं करतात, मुलं शाळेतल्या शिक्षकांच्या नजरेत भरतात. यश आलं की मात्र सगळं आईच्या ओटीत घालायचं आणि अपयश आलं की तेही तिच्याच पदरात, हा हिशेब खोटा आहे.

महाराष्ट्रातली उदाहरणं काही वेगळं सांगत नाहीत. मुंबईची स्वमग्न जलतरणपटू जिया राय २०२१ च्या फेब्रुवारीत वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंत ३६ किलोमीटर पोहत गेली. पुढच्या वर्षी तिने श्रीलंकेच्या तलाईमन्नारहून धनुष्कोडीपर्यंतची पाल्कची सामुद्रधुनी १३ तास १० मिनिटांत पार केली आणि २०२४ साली इंग्लिश खाडी. तिचे वडील नौदलात. भर समुद्रात तेरा तास पोहणाऱ्या मुलीच्या बाजूने बोट चालते, बोटीवर निरीक्षक असतात, डॉक्टर असतात, परवानग्यांची चळत असते. तिच्या जिद्दीला सलाम करताना ही बोटही दिसायला हवी. मराठीतला 'यलो' हा २०१४ सालचा सिनेमा पुण्याच्या गौरी गाडगीळ या डाउन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटूवर आहे. गौरीने त्यात स्वतःचीच भूमिका केली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत तिची खास दखल घेतली गेली. त्यातही मृणाल कुलकर्णींची आई एकटी नाही. बाप पाठ फिरवतो तेव्हा मामा घर देतो, प्रशिक्षक पोहायला शिकवतो. तरी आपल्या बोलण्यात उरतं ते 'आई असावी तर अशी' एवढंच. पाठ फिरवणाऱ्या बापाबद्दल कोणी 'बाप नसावा तर असा' म्हणत बाहेर पडत नाही. आईच्या त्यागाचे गोडवे गाण्याचा सर्वांत मोठा फायदा बापालाच होतो. त्याला कुठे बोलावलंच जात नाही, मग त्याची गैरहजेरी मांडणार कोण?

आता वांकिडीकडे येऊ, कारण हा वाद शेवटी इथेच मिटणार किंवा चिघळणार. राजुऱ्याहून आसिफाबादला जाणाऱ्या रस्त्यावरचं हे सीमेवरचं मंडल. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातला राजुरा तालुका मुंबई राज्यात गेला आणि वांकिडी इकडेच राहिली. २०१६ साली आदिलाबादचे तुकडे झाले तेव्हा ती आसिफाबाद जिल्ह्यात आली. घरात मराठी, शेजारी गोंडी, ऑफिसात आणि बसच्या पाटीवर तेलुगू. एरवी इथलं पोर तिन्ही भाषा खेळता खेळता उचलतं. ज्याला एकच भाषा उमलायला जन्म लागतो, त्याची इथे काय गत होत असेल? अपंगत्वाच्या दाखल्याचंच घ्या. आपल्या देशात स्वमग्नता मोजायची ठरलेली पद्धत आहे. त्यात ४० मुद्दे असतात आणि प्रत्येकाला एक ते पाच गुण. बेरीज ७० पर्यंत गेली तरच ४० टक्के अपंगत्व धरलं जातं आणि पुढचे हक्क मिळतात. या ४० पैकी ९ मुद्दे बोलणं, भाषा आणि संवादाचे आहेत. पोर तेच तेच शब्द पुन्हा म्हणतं का, 'मी' आणि 'तू' यांची अदलाबदल करतं का, बोलायला सुरुवात करून थांबतं का, हे तपासणाऱ्याने पाहायचं आणि उरलेलं आईला विचारून घ्यायचं. मराठी बोलणारी आई, मराठीतच दोन-चार शब्द फुटलेलं पोर आणि तेलुगूत विचारणारा मानसतज्ज्ञ. मधे दुभाषा म्हणून उभा असतो रांगेतला कुणीतरी अनोळखी माणूस. या खोलीत आईच्या खंबीरपणाचा काय उपयोग? तिला प्रश्नच नीट पोचला नाही, तर तिच्या उत्तरावरून काढलेले गुण खरे कसे असतील?

त्या खोलीपर्यंत पोचणंही सोपं नाही. अर्ज करायचा, ज्याला लोक अजून सदरमच म्हणतात त्या अपंगत्व-तपासणीच्या शिबिराची तारीख यायची वाट पाहायची, त्या दिवसाची मजुरी बुडवायची आणि गर्दीला, हॉर्नला घाबरणाऱ्या पोराला आरटीसीच्या भरल्या बसमध्ये कोंबून न्यायचं. पोर तिथे रांगेत किंचाळतं, जमिनीवर आडवं पडतं, स्वतःच्या हाताला चावतं. रांगेतली माणसं आईकडेच बघतात. दाखला मिळाला तर दिव्यांगांची पेन्शन, जी तेलंगणाने २०२३ साली महिना ४०१६ रुपये केली. पेन्शन हवीच. पण पेन्शनने पोराला बोलायला कोणी शिकवत नाही. त्यासाठी मराठी कळणारा वाणीतज्ज्ञ लागतो, आणि तो शोधायचा तर सुमारे तीनशे किलोमीटरवरच्या हैदराबादपेक्षा नागपूर जवळ पडतं. दर आठवड्याला नागपूर? कोणाच्या पैशाने? ही यादी ऐकल्यावरही कोणी आईच्या जिद्दीचाच मुद्दा काढत असेल तर त्याला माझं सांगणं आहे की बाई, जिद्द कर असं म्हणणं म्हणजे बाई, तुझं तू बघ असंच म्हणणं आहे. फक्त आवाज गोड असतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. अशा सिनेमांमुळे, अशा बातम्यांमुळे आयांना उमेद मिळते, ती का हिरावता? उमेद कसली मिळते ते पाहिलं पाहिजे. स्वमग्नतेचा पट फार रुंद आहे. एका टोकाला कॉलेजात शिकणारी मुलं, दुसऱ्या टोकाला पंधराव्या वर्षीही संडासला नेऊन बसवावी लागणारी. बहुतेक मुलं ना धावपटू होणार, ना जलतरणपटू, जशी बाकीची बहुतेक मुलं होत नाहीत. आठ वर्षांच्या पोराने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने शर्टाचं बटण लावलं, तर ती त्या घरातली दिवाळी असते. चुनचॉनची अंतिम रेषा हेच ज्या उमेदीचं माप असेल, ती त्या बटणाला शून्य किंमत देते. आईला खरी उमेद येते ती माहितीने. दोन-अडीच वर्षांच्या वयात लक्षात आलं, लगेच शिकवणं सुरू झालं आणि रोज कोणीतरी जाणतं माणूस सोबत असलं तर पोराचं रोजचं जगणं बरंच सुकर होतं, ही उमेद कोणत्याही पदकापेक्षा भक्कम आहे. ती सिनेमाच्या पडद्यावरून देता येत नाही, अंगणवाडीतून देता येते. आणि पोराने पदक आणलं तरच त्याला माणसात घेऊ, हा करार मुळात निर्दय आहे. शर्यत न धावणाऱ्या पोरालाही शाळेच्या बाकावर बसायचा तितकाच हक्क आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा. हे सगळं शहरात ठीक, खेड्यात कुठून आणायचं, सरकारकडे पैसा कुठे आहे? याचं उत्तर भावनेने नाही, कायद्याने द्यायचं आहे. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचं नावच नव्हतं. २०१६ च्या कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत ती आहे. याच कायद्यात सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, दाखला देशभर चालेल असं कलम आहे, आणि ज्यांना फार आधार लागतो त्यांची काळजी घेणाऱ्यासाठी भत्त्याची तरतूदसुद्धा आहे. म्हणजे आई जे चोवीस तास करते त्याला किंमत असते, हे संसदेने मानलेलं आहे. ते फुकटात व्हावं असं फक्त आपल्या कौतुकाला वाटतं. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांनी अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलं तपासायची आहेत, आणि तपासायच्या यादीत भाषेतला उशीर आणि स्वमग्नता दोन्ही आहेत. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांच्या नेमणुकांचा आदेश दिला, आणि २०२२ च्या सप्टेंबरमध्ये केंद्राने प्रमाण ठरवून दिलं: प्राथमिकला दहा मुलांमागे एक, त्यापुढे पंधरांमागे एक. तेलंगणात मंडलपातळीवर विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी भविता केंद्रांची योजना आहे. सीमेवरच्या मंडलांत मराठी माध्यमाच्या सरकारी शाळाही आहेत. मग कुठून आणायचं हा प्रश्न उरतो का? उरतो तो एवढाच, की कागदावर जे आहे ते वांकिडीत, मराठीत, कोणत्या वारी आणि कोणाच्या हातून मिळणार. हे विचारणं गावाचं काम आहे, सरपंचाचं आहे, मराठी शाळेतल्या मास्तरांचं आहे, बापाचं आहे. पण आई समर्थ आहे म्हटलं की विचारायचं कोणाला कारणच उरत नाही, आणि म्हणून मी या कौतुकाला निरुपद्रवी मानत नाही. २०११ च्या जनगणनेत स्वमग्न मुलांसाठी वेगळा रकानाही नव्हता. ज्यांची मोजदाद झाली नाही, त्यांच्या आयांना महान म्हणून मोकळं होणं सोपं असतं.

तिसरा आक्षेप मायेचा आहे: मग काय, आईचं काहीच श्रेय नाही? आहे, आणि ते तिला नमस्काराने मिळत नाही. चुलतीने, आत्याने, शेजारणीने आठवड्यातून एक दुपार त्या पोराजवळ बसावं आणि आईला झोपू द्यावं, हे श्रेय. बापाने दाखल्याच्या रांगेत पोराला घेऊन स्वतः उभं राहावं, हे श्रेय. पीटी सरांनी मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या, कोणाकडे न बघणाऱ्या पोराला एकदा धावायला लावून पाहावं. चोवोनचा प्रशिक्षक काही संत नव्हता. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल न्यायालयाने त्याला शिक्षा म्हणून त्या विशेष शाळेत पाठवलं होतं. त्याने वैतागून पोराला मैदानाच्या शंभर फेऱ्या मारायला सांगितल्या आणि पोराने त्या खरोखर मारल्या. मग पोराने त्याचा हात ओढून आपल्या धडधडत्या छातीवर ठेवला. तेवढ्याने तो माणूस बदलला. म्हणजे लागतं काय? पोराजवळ जायला भाग पाडलेलं, आईखेरीजचं एक माणूस. कोरियात ते न्यायालयाने पाठवलं. आपण कोणाची वाट पाहतो आहोत?

सिनेमात वार्ताहर त्या आईला विचारते, तुमची इच्छा काय? ती म्हणते, हा माझ्या एक दिवस आधी जावा. हे ऐकून सभागृहात हुंदके फुटतात, आणि हुंदक्यांबरोबर प्रश्न वाहून जातो. आपलं पोर आपल्या आधी मरावं असं एखादी आई का म्हणते? प्रेम कमी म्हणून? की तिच्यानंतर त्याला जेवायला कोण वाढणार हे तिला कोणीच सांगितलेलं नाही म्हणून? या प्रश्नाला आपल्या देशात कायद्याचं उत्तर आहे. १९९९ सालच्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात स्वमग्न माणसासाठी अठराव्या वर्षानंतर पालक नेमायची सोय आहे, त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, निरामय नावाचा एक लाखापर्यंतचा आरोग्यविमा आहे आणि प्रौढांच्या कायम निवासासाठी घरौंदा ही योजना आहे. आसिफाबादच्या समितीची बैठक शेवटची कधी झाली, वांकिडी मंडलातली किती नावं तिच्यापुढे आली, निरामयचे किती अर्ज भरले गेले, आणि हे सगळं मराठीत समजावून सांगायला कोण गावात आलं होतं, हे ग्रामसभेत हात वर करून विचारायला आईच कशाला लागते?